रामूअण्णांचं शटल

मला सकाळी कुणी झोपेतून उठवलेलं खपत नाही. हे माझ्या बायकोला माहीत आहे, करी रोडच्या आमच्या अख्ख्या चाळीला माहीत आहे. फक्त शेजारच्या खोलीतले रामूअण्णा परब, वय वर्षं सत्त्याहत्तर, यांना ते माहीत करून घ्यायचं नाही. एप्रिलमधल्या एका रविवारी साडेसहालाच त्यांनी दार बडवलं. उघडतो तर अंगात बनियन, पायात चप्पल उलटसुलट आणि चेहरा असा की जणू लॉटरीच लागलीय.

"राजेश, खाली चल. आपलो धोटो रस्त्यावर फिरता."

मी म्हटलं, अण्णांचं वय झालं. पण हात धरून त्यांनी मला जिन्यावरून खाली नेलंच. समोरच्या टॉवरने रहिवाशांना स्टेशनवर सोडायला नवी छोटी बस सुरू केली होती. तिच्या कपाळावर इंग्रजीत मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं, शटल.

अण्णांची शाळा मालवणकडच्या गावात चौथीला संपली. इंग्रजी त्यांना येतं ते एवढंच, जे गिरणीत मिळालं. समोर आज टॉवर आहे तिथे गिरणी होती आणि तिच्या साळखात्यात, म्हणजे जिथे कापड विणलं जायचं त्या खात्यात, अण्णा चौदा वर्षं विणकर होते. मागाला तिथे साचा म्हणत. अण्णांकडे दोन साचे, दोनशे अकरा आणि दोनशे बारा. अकरा नंबर खट्याळ, बारा नंबरवर त्यांचा जीव. उभ्या धाग्यांमधून आडवा धागा घेऊन इकडून तिकडे, तिकडून इकडे पळणारा तो होडीच्या आकाराचा लाकडी तुकडा म्हणजे धोटा. मिनिटाला दीडशेच्या वर फेऱ्या. नव्या धोट्यांची खोकी स्टोअरला यायची त्यांवर हीच इंग्रजी अक्षरं छापलेली असायची, म्हणून अण्णांना ती वाचता नाही आली तरी ओळखता येत होती.

"बसवर धोट्याचा नाव कित्याक?" अण्णांनी विचारलं. मी जांभई देत म्हणालो, की शटल म्हणजे ये-जा करणारी गाडी. एवढं बोललो आणि माझा रविवार संपला.

दुपारपर्यंत अण्णांनी आणखी दोन शटल पकडून आणली. एक चाळीतली पोरं बॅडमिंटन खेळतात ते पिसांचं फूल, आणि दुसरं पेपरात सापडलेलं, अवकाशात जाऊन परत येणारं यान. तिन्ही माझ्यासमोर मांडून त्यांनी फिर्याद दाखल केली. शब्द एक आणि गिऱ्हाइकं चार. मूळ मालक कोण?

मी मोबाइल काढला. अण्णांनी तो हाताने बाजूला केला. "त्यात नको. त्यात कोण पण काय पण लिवता. पुस्तकात दाखव."

खरं सांगतो, मला तेव्हा रागच आला. आमच्या ऑफिसात विम्याच्या दाव्यांचा ढीग पडलेला, घरी नळ गळतोय, आणि हा म्हातारा मला इंग्रजी शब्दाची जन्मपत्रिका काढायला सांगतो. पण अण्णांच्या अंगात एखादी गोष्ट शिरली की समोरच्याची सुटका नसते. गिरण्यांचा संप फसल्यावर याच माणसाने लालबागच्या मसाल्याच्या डंकावर तेवीस वर्षं मिरची कुटली आणि एक दिवस खाडा केला नाही. चार दिवस त्यांनी माझ्या दारात बैठक मारली. पाचव्या दिवशी मी आयव्ही टीचरना फोन केला.

आयव्ही टीचरनी मला दादरच्या शाळेत इंग्रजी शिकवलं. माझ्या वहीवर त्यांची लाल शाई माझ्या निळ्या शाईपेक्षा जास्त असायची. आता त्या निवृत्त आहेत आणि गिरगावात फणसवाडीच्या पलीकडे आपल्या जुन्या घरात भाचा आल्विनबरोबर राहतात. पुढच्या रविवारी आम्ही बसने तिकडे गेलो. अण्णांनी इस्त्रीचा शर्ट घातला होता आणि टीचरसाठी पावशेर मालवणी मसाला घेतला होता.

"मिस्टर परब, बसा," टीचर म्हणाल्या. अण्णांना उभ्या आयुष्यात कुणी मिस्टर म्हटलं नसावं. ते बसायचं विसरले.

टीचरनी कपाटातून इंग्रजी शब्दकोशाचे दोन जाडजूड खंड काढले. आत मुंगीएवढी अक्षरं, आणि ती वाचायला बरोबर एक भिंग. पान उघडून त्या भिंग सरकवत गेल्या आणि मला एकदम वर्गात बसल्यासारखं वाटायला लागलं. फरक एवढाच, की या खेपेला मला पुढे काय येणार याची उत्सुकता होती.

"फार जुना शब्द आहे," टीचर म्हणाल्या. "हजार वर्षांच्या वरचा. तेव्हाच्या इंग्रजीत त्याचा अर्थ होता, फेकून मारायचं टोकदार हत्यार. भाला म्हणा, बाण म्हणा. शूट करणं आहे ना, त्याच घराण्यातला."

अण्णांचा चेहरा पडला. "म्हणजे धोटो नाय?"

"थांबा तर. पुढे चौदाव्या शतकात विणकरांचा अर्थ येतो. धागा घेऊन बाणासारखा सुटतो म्हणून हे नाव. मग सोळाव्या शतकात खेळातलं पिसांचं फूल. एकोणिसाव्याच्या शेवटी आगगाडी, दोन स्टेशनांमध्ये ये-जा करणारी. त्यानंतर विमान, आणि गेल्या शतकात तुमचं ते अवकाशयान."

"आणि बाण?"

"तो अर्थ मेला. आता कुणी वापरत नाही."

मी म्हटलं, झालं, अण्णांचा निकाल लागला, दुसरा नंबर, काही वाईट नाही. पण टीचरच्या हातचा केकसुद्धा अण्णांनी नुसता चिवडला. परतीच्या बसमध्ये ते खिडकीला डोकं टेकून बसले आणि मी मनातल्या मनात त्या हजार वर्षांपूर्वीच्या तिरंदाजांना शिव्या घातल्या. म्हाताऱ्याच्या एका आनंदात त्यांना खोडा घालायची काय गरज होती?

भायखळ्याचा पूल उतरताना अण्णांनी माझ्या मांडीवर असा काही फटका मारला की पुढच्या सीटवरच्या बाईने वळून बघितलं.

"राजेश, बाण गेलो की गेलो. तो परत येता काय?"

"नाही."

"आणि बस? आगगाडी? ता यान?"

मला कळायला एक क्षण लागला. बस परत येते. आगगाडी परत येते. ते फूलसुद्धा जाळीपलीकडून परत येतं. जाऊन परत येणं हे बाणाचं काम नाहीच, ते धोट्याचं काम. बाणाने फक्त नाव दिलं, अर्थ घातला तो विणकरांनी, आणि पुढच्या सगळ्यांनी उचलला तो विणकरांकडून.

"उतर," अण्णा म्हणाले. "टीचरला फोन लाव."

लालबागच्या दोन स्टॉप आधीच आम्ही उतरलो. भर उन्हात, एका वडापावच्या गाडीशेजारी उभे राहून मी फोन लावला आणि अण्णांनी तो माझ्या हातातून ओढून घेतला. पलीकडे टीचर भिंग घेऊन परत पानावर गेल्या. आम्ही थांबलो. वडापाववाल्यानेही तळायचं थांबवलं असं मला वाटलं, पण तो गिऱ्हाईक बघत असेल. मग टीचरचा आवाज आला, इतका मोठा की मलाही ऐकू आला.

"बरोबर आहे, मिस्टर परब. इथे लिहिलंय. गाडीचा अर्थ विणकराच्या हत्याराच्या ये-जा करण्यावरून. मी छत्तीस वर्षं इंग्रजी शिकवलं, हे माझ्या कधी डोक्यात आलं नाही."

अण्णांनी वडापाववाल्याला हात जोडून सांगितलं, "आमचो शब्द." त्याने दोन वडापाव दिले.

पण खरी गोष्ट इथून पुढची. त्याच फोनवर आल्विन आला. तो बॅडमिंटन शिकवतो. "अंकल, हे माझ्या मुलांना सांगाल का? मे महिन्यात कॅम्प संपतो तेव्हा पाच मिनिटं बोला. मी करी रोडच्या टॉवरमध्ये शिकवतो ना, तिकडच्या क्लबात."

अण्णांनी फोन माझ्या हातात दिला आणि दुसरीकडे बघायला लागले.

ब्याऐंशीच्या जानेवारीत संप झाला तेव्हा अण्णा समोरच्या त्या गिरणीच्या फाटकातून बाहेर पडले ते पडलेच. गिरणी पडली, तिथे हाच टॉवर उभा राहिला, चिमणी तेवढी शोभेला ठेवली. आमच्या गॅलरीतून रोज ती दिसते. आत जायचा अण्णांनी तीनदा प्रयत्न केला होता. वॉचमन विचारायचा, फ्लॅट नंबर? अण्णा सांगायचे, साचा नंबर दोनशे बारा. वॉचमन म्हणायचा, काका, ज्यांच्याकडे जायचंय त्यांना फोन करून सांगू देत. कोण सांगणार? तिसऱ्या खेपेला वॉचमनने त्यांना खुर्ची दिली, पाणी दिलं आणि परत पाठवलं. वहिनी, म्हणजे त्यांची रखमा, तेव्हा हयात होती. ती मला म्हणाली होती, ह्यांना त्या जागेवर एकदा उभं राहायचंय, बाकी काही नको, पण ते कुणाला सांगायचं?

आता शब्दाच्या जोरावर फाटक उघडणार होतं. एकदाच, पाच मिनिटांसाठी.

पुढचे पंधरा दिवस चाळीत कुणाला झोप नव्हती. अण्णा पहाटे गॅलरीत भाषण म्हणायचे, बाण, धोटा, फूल, आगगाडी, विमान, यान. मालवणी नको, शुद्ध बोला, असं सगळ्यांनी बजावल्यामुळे ते इतकं शुद्ध बोलायला लागले की मलाच कळेना. दोनदा गिरगावला जाऊन टीचरसमोर तालीम झाली. टीचरनी घड्याळ लावून पाच मिनिटांत बसवलं. मी ऑफिसात हाफ डे टाकला. साहेबाने कारण विचारलं तेव्हा मी छाती काढून सांगितलं, की आमच्या अण्णांचं टॉवरमध्ये व्याख्यान आहे.

त्या दिवशी आल्विन फाटकावर घ्यायला आला. वॉचमनने रजिस्टर पुढे केलं, अण्णांनी सही केली आणि आत पाऊल टाकलं. पण क्लबकडे न जाता ते तडक चिमणीकडे गेले. तिला पाठ टेकवली आणि मोजत पावलं टाकायला लागले. "अण्णा, उशीर होतोय," मी म्हणालो. त्यांनी हाताने मला गप्प केलं. एक्क्याण्णव पावलं उत्तरेला. मग एक झाडांची कुंडी आडवी आली, तिला वळसा. मग उजवीकडे चाळीस. चाळिसाव्या पावलाला आम्ही क्लबच्या काचेच्या दरवाजातून आत, बॅडमिंटन हॉलमध्ये, तीन नंबरच्या कोर्टच्या रेषेवर उभे होतो. आल्विनने माझ्याकडे बघितलं. मी खांदे उडवले. अण्णा खाली बघत होते. चकचकीत लाकडाची जमीन होती.

"हयच," ते म्हणाले. "दोनशे बारा."

हॉलमध्ये कालवा होता. सहा कोर्टांवर फटके, बुटांच्या किंचाळ्या, वर मोठाले पंखे घोंघावताहेत, कोपऱ्यातल्या स्पीकरवर गाणी. आल्विनने शिट्टी मारून पस्तीस-चाळीस मुलं तीन नंबरभोवती गोळा केली, मागे त्यांचे आईबाप. क्लबचा मॅनेजर हसून म्हणाला, "फाइव्ह मिनिट्स, हां." गाणी बंद करायची मात्र कुणाला आठवण राहिली नाही. अण्णा रेषेवर ताठ उभे राहिले आणि त्यांनी सुरुवात केली.

म्हणजे त्यांचे ओठ हलायला लागले. आवाज नव्हता.

मी म्हटलं, माईक नाही म्हणून ऐकू येत नसेल. पुढे सरकलो. नाही, खरोखरच आवाज नव्हता. ओठ मोठे मोठे हलत होते, हात चालत होते, धनुष्य ओढल्यासारखं झालं, बाण सुटला. चेहऱ्यावर पंधरा दिवसांची सगळी मेहनत होती आणि कंठातून काही म्हणजे काही बाहेर येत नव्हतं. मग माझ्या डोक्यात प्रकाश पडला. साळखात्यात शेकडो साचे एकदम चालायचे, तिथे ओरडूनही शेजारच्याला ऐकू जात नसे. तिथली माणसं ओठांनी आणि हातांनी बोलत. रखमावहिनी सांगायची, लग्नानंतर पहिलं वर्षभर हे घरी येऊनही नुसते ओठ हलवायचे, मला वाटलं माझं नशीब फुटलं, नवरा मुका मिळाला. हा माणूस आज त्याच जागेवर, तसल्याच गोंगाटात उभा होता, आणि आपण बोलतोय अशी त्याची पक्की खात्री होती.

मुलं एकमेकांकडे बघायला लागली. एक आई मोबाइल खाली ठेवून म्हणाली, "ही इज इमोशनल." मॅनेजर घड्याळ बघत पुढे निघाला. अण्णांना हलवून सांगावं तर चारचौघांत त्यांची शोभा, न सांगावं तर पाच मिनिटं मुकाट जाणार. त्रेचाळीस-चव्वेचाळीस वर्षांनी मिळालेली पाच मिनिटं. मला त्या पंख्यांचा, त्या मॅनेजरचा आणि सगळ्यात जास्त माझा स्वतःचा संताप आला, कारण माझे पाय जागचे हलेनात.

तेवढ्यात मागून एक खणखणीत बाईचा आवाज आला.

"ते म्हणतायत, हा शब्द आधी बाणाचा होता."

सगळे वळले. हॉलच्या टोकाला, हाउसकीपिंगच्या निळ्या युनिफॉर्ममधली एक साठी उलटलेली बाई, हातात ओला मॉप, नजर अण्णांच्या ओठांवर. युनिफॉर्मवर नाव होतं, नलू शिंदे.

"बाण जातो, परत येत नाही, असं म्हणतायत," ती पुढे येत म्हणाली. "मग विणकराने तो शब्द घेतला. त्याच्या धोट्याला दिला. धोटा जातो आणि येतो. असा." तिने मॉपचा दांडा इकडून तिकडे केला आणि मुलं हसली. "कुणी येऊ दे, कुणी जाऊ दे, धोट्याला थांबता येत नाही. तो थांबला की जॉबर येतो, आमचा मुकादम. जॉबर लबाड होता. हे ते नाही म्हणत, मी सांगते."

मॅनेजर म्हणाला, "नलू, तुमचं काम..." आणि पुढच्या रांगेतल्या एका मुलीने त्याला श्श केलं. त्याला, त्याच्या क्लबात. मी त्या मुलीला तिथल्या तिथे माझी इस्टेट लिहून दिली असती.

मग जे चाललं ते मी जन्मात विसरणार नाही. अण्णांचे ओठ, नलूबाईंचा आवाज. फूल आलं, आगगाडी आली, विमान आलं. अण्णा हात वर नेत गेले, यान सुटलं, मुलांच्या माना वर गेल्या, नलूबाई म्हणाल्या, "आणि परत आलं. परत आलं म्हणून त्याचं नाव शटल. हे तुमच्या हातातलं पण तेच." मुलांनी आपापल्या हातातल्या फुलांकडे असं बघितलं, जणू ती आजच कुणीतरी दिलीत. पाच मिनिटं कधीच संपली होती. एका मुलाने विचारलं, "आजोबांना बोलता येत नाही का?"

"येतं की," नलूबाई म्हणाल्या. "पण इथे आवाज काढून उपयोग नसतो, बाळा. मी गिरणीत वाइंडिंगला होते, सूत गुंडाळायला, माझा बाप साळखात्यात. आमच्या घरी जेवताना पण असंच."

शेवटी टाळ्या पडल्या. कुणीतरी गाणी बंद केली, आणि त्या शांततेत अण्णांना पहिल्यांदा काहीतरी चुकल्यासारखं वाटलं. त्यांनी माझ्याकडे बघितलं. मी मान हलवली. त्यांनी गळ्याला हात लावला, इकडेतिकडे बघितलं, आणि मग मॉपवाली बाई दिसली. मॅनेजरने नलूबाईंना चार नंबरच्या कोर्टकडे पाठवलं आणि अण्णांना एक फुलांचा गुच्छ दिला.

आम्ही बाहेर पडलो आणि काचेचा दरवाजा मागे बंद झाला. अण्णा पायऱ्यांवर थांबले. वळून बघितलं तर काचेच्या आत नलूबाई पुसायचं थांबवून उभ्या होत्या. त्यांचे ओठ हलले, एक हात कमरेवर गेला, दुसऱ्याने त्यांनी दटावल्यासारखं केलं. अण्णांनी इकडून ओठ हलवून उत्तर दिलं. मग दोघंही हसायला लागले. अण्णा इतके हसले की त्यांनी पायरीवर बसकण मारली आणि गुच्छाने डोळे पुसले.

"काय म्हणाल्या?" मी विचारलं. मला राहवत नव्हतं.

"म्हणता, जॉबर शिव्या घालता. साचो कधीचो बंद पडलोसा, खंय गेललंस इतकी वर्सां?"

"मग तुम्ही काय सांगितलंत?"

"सांगितलंय," अण्णा म्हणाले, "परत इलंय म्हणान."